कासवाचं तोंड कुणीकडे

कासव पाळायचं म्हणताय ना, मग आमच्या दादाचं ऐका आधी. दादा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. एका वर्षी पावसाळ्याआधी घरी आला तो वेरावळहून पाठीवर चांदण्या असलेलं कासव घेऊनच. ते कोरड्या मुलखातलं, रत्नागिरीचा पाऊस त्याला सोसायचा नाही, म्हणून दादाने स्वयंपाकघरात त्याचा संसार थाटला. रॉकेलच्या डब्यांचं रिकामं खोकं, त्यात सुकी वाळू, लपायला फुटकं मडकं, पाण्याला करवंटी, आणि सगळं चुलीच्या उबेला.

पण कासव चार दिवस डोकंच बाहेर काढीना. माठाची भाजी पुढे केली, ती तशीच सुकली. वादळात न डगमगणारा आमचा दादा भरल्या ताटावरून उठून त्या खोक्यापाशी बसायला लागला.

शेवटी आईने खोक्यात डोकावून पाहिलं.

"मेल्या, ह्याचं तोंड भिंतीकडे? देवळातलं कासव बघ, देवाकडे तोंड करून असतं. असं पाठ फिरवून बसवलंस तर खाईल कसं ते?"

तिने खोकं देवघरासमोर ठेवायला लावलं. पूजा झाल्यावर जास्वंदीचं एक फूल कासवापुढेही ठेवलं. थोड्या वेळाने मान हळूच बाहेर आली आणि फूल गट्टम!

दादा खूश होऊन म्हणाला, "आई, त्याला देव नको होता गं, फूल हवं होतं."

आई दुसरं फूल ठेवत म्हणाली, "आणि तू रे? खिरापत नसती तर देवळात आला असतास?"