दाजींचं अंडं

आमच्या दाजींनी मला मोटारसायकल शिकवली, म्हणजे आठवडाभर माझा उद्धार केला म्हणा की. गाडी बंद पडली की ओरडायचे, "क्लच सोडताना मुठीत अंडं हाय समज! बैल हायस का?"

मग माझी नवी गाडी आली. जुळे सोलापुरात दारातच पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी बसायला गेलो तर दाजी म्हणाले, "हो बाजूला. पहिल्यांदा जाणत्यानं काढायची असती."

जाणत्यानं क्लच खाडकन सोडला. गाडीनं उडी मारली, लिंबू बाजूला उडालं आणि दाजी थेट रांगोळीत बसले.

आठवडाभर सगळं ऐकलेली माझी बहीण आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं लिंबू उचलून नीट बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं.

"अहो, लिंबू शाबूत हाय की. अंडं तेवढं फुटलं!"