बोरटोल्याची मुक्कामी गाडी

मायबहिणींनो, भाऊंनो, कालेजातल्या गुरुजनांनो, अन् समोर बसलेल्या आमच्या सरांच्या बाई,

एवढे लोक जमले. चांद्याचे आले, मूलचे आले, आमच्या जंगलातले आले. मले बोलाले उभं केलं. तर बोलते. रडाले घरी जागा आहे.

मी सोनी कुमरे. बोरटोल्याची. मोटारीचा रस्ता आमच्या गावात संपतो, पुढं नुसतं जंगल. उमरे सरांनी आमाले चांद्याच्या या कालेजात गणित शिकवलं. अन् त्यायच्यामुळंच आमाले कालेज दिसलं.

आठवते ना तुमाले? मोटार सकाळी चांद्याहून निघे, बोरटोल्याले येई, मंग आमाले घेऊन परत फिरे. वाटेत लाकडाच्या डेपोचा फेरा. आमी कालेजात पोचलो की चपराशी वर्ग झाडून राह्यला असे! हजेरी लागणार कशी? अन् हजेरी नाई, तर विद्यापीठाच्या परीक्षेले बसता येत नाई. माझ्या बापानं सांगून टाकलं, "सोनी, मोहफुलं वेचाचा हंगाम आला. आता कालेज पुरे."

सरांले हे कळलं. सरांनी व्हरांड्यात चिंचोके मांडले. जेवढे पोरं, तेवढे चिंचोके. मधात खडूनं रस्ता काढला. अन् हसले.

म्हणे, "सोनी, पोरं जंगलाच्या टोकाले झोपतात अन् गाडी चांद्याले झोपते. चुकलं ते इथी. गाडी बोरटोल्याले मुक्कामी पाह्यजे. पहाटे तुमाले घेऊन निघाली पाह्यजे. डेपोचा फेरा संध्याकाळी, परतीत."

एवढंच! पण हे कोणाले सुचलं होतं का? कोणी आमच्या टोकाकडून पाह्यलं होतं का?

सर मोटारमालकाकडं गेले. मालक म्हणाले, "जंगलात गाडी कोण ठेवते, प्रोफेसर साहेब? डायव्हर तयार नाई." सर डायव्हरकडं गेले. रहीमभाऊ इथी बसले आहेत, त्यायलेच विचारा. रहीमभाऊ म्हणले, "साहब, वहाँ शेर घूमता है. मेरे बच्चे छोटे हैं."

सर म्हणले, "मंग मी झोपतो तुमच्यासंगं."

अन् झोपले! धोतरवाले प्रोफेसर, मोटारीच्या सीटवर, वळकटी घेऊन. एक दिवस नाई, दोन दिवस नाई. दिवसा कालेज, संध्याकाळी त्याच मोटारीत बोरटोला. गावातले आधी हसले. मंग माझ्या मायनं आंबील नेऊन देली. मंग बापानं गाडीजवळ शेकोटी पेटवली. शेवटी गावानं रहीमभाऊसाठी खोली बांधली, कुडाची, पक्क्या दाराची. तवा कुठी सर आपल्या घरी झोपाले गेले.

त्या वर्षी आमची हजेरी भरली. आमी परीक्षेले बसलो. माझा बाप, ज्यानं पुरे म्हटलं होतं, तो पहाटे मले उठवे. "ऊठ वं, गाडी गुरगुरून राह्यली."

पण जंगलातल्या त्या मुक्कामातून सरांले हिवताप झाला. उतरला, फिरून चढला. दवाखान्यात नेलं. मंग सर गेले.

आता चांद्यात लोक बोलतात. पानठेल्यावर बोलतात, अंत्ययात्रेतही बोलले. "मोटारीनं खाल्लं माणसाले. काऊन गेला होता जंगलात?" मी ऐकलं. मी उत्तर देते. हो, सर घरी राह्यले असते तर आज असते कदाचित. हे मले माहीत आहे. या बाईंसमोर मी खोटं नाई बोलणार. पण सर फसून गेले नव्हते. समजून गेले होते. त्यायच्या हिमतीले कोणी येडेपणा म्हणाल, तर इथी येऊन, माझ्या तोंडावर म्हणा!

मी बाईंकडं गेली होती. पाय धरले. म्हटलं, "बाई, आमच्यापायी झालं." बाईंनी मले उठवलं. विचारलं, "आज गाडी आली का वेळेवर?" मी म्हटलं, आली. बाई म्हणाल्या, "मग वर्गात जा. इथं काय करतेस?"

मायबहिणींनो, हे आहे सरांचं घर. अन् काल मालकानं काय सांगितलं? की आजपासून मुक्काम बंद. विचारणारा माणूस राह्यला नाई, असं वाटलं त्यायले.

राह्यला नाई? हे कोण बसले आहेत मंग?

आज सकाळी माझी माय, माझा बाप, सारं बोरटोला चालत इथल्या स्टँडवर आलं अन् गाडीसमोर बसलं. मालक म्हणाले, "पाहू." आमी म्हटलं, पाहू नाई चालत. रहीमभाऊ पुढं झाले. म्हणले, "मालिक, गाडी मैं ले जाऊंगा, और वहीं सोऊंगा. नहीं तो चाबी रख लो." चाबी कोणी घेतली नाई. मालक आत निघून गेले. 

तर आज गाडी जाणार आहे. उद्याही जाणार आहे. कोणी अडवली तर फिरून बसू, पण मुक्काम सोडणार नाई.

सर, तुमाले बोरटोल्याचा जोहार.

आता उभं राहा साऱ्यांनी. थोडा वेळ कोणी बोलू नका. पण माना खाली घालू नका. आमच्या सरांसाठी माना वर ठेवून उभं राहा. मंग संगंसंगं स्टँडवर जाऊ.