टेनेसीत वाजले किती?

अरे, टेनेसी फिरायला जाणार असाल तर आधी हे ऐका. आई नागपूरहून आली होती, म्हणून तिला तिथली एक मोठी गुहा दाखवायला आम्ही शेजारच्या राज्यातल्या आमच्या कॅरी गावाहून ड्राइव्ह करत निघालो. वाटेत एका मोटेलात राहिलो. गुहेच्या टूरचं बुकिंग सकाळी दहाचं. फोनमध्ये नऊ वाजले होते, म्हणून निवांत खाली आलो, तर काउंटरवरच्या घड्याळात दहा!

तिथल्या आजीबाईंना विचारलं, "नक्की वाजलेत किती?"

त्या म्हणाल्या, "हनी, तुला जायचंय कुठे?"

"अहो, मी वेळ विचारतोय."

"तेच सांगतेय. इथे दहा, त्या डोंगरापलीकडे नऊ. फोन कधी इकडची वेळ दाखवतो, कधी तिकडची."

राज्य एक आणि वेळा दोन! गुहा कुठल्या वेळेत येते, ते त्यांनाही नक्की सांगता येईना. आईला घाईघाईत बसवून गाडी पळवली. पाऊण तासाने पोचलो, तर तिथे पावणेदहा. जिवात जीव आला.

आई मात्र गोंधळलेलीच. म्हणाली, "निघताना दहाला मी बीपीची गोळी घेतली. आता वाजलेत पावणेदहा. मग ती घेतली, की अजून घ्यायचीय?"

आणि खरं सांगतो यार, मीसुद्धा क्षणभर हिशोब करत उभा राहिलो.