धाकट्याचा दात

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक गृहस्थ बसले होते. गळ्यात वृत्तवाहिनीचं ओळखपत्र. त्यांचा धाकटा मुलगा आत डॉक्टरांच्या खुर्चीत होता. तेवढ्यात त्यांची बायको धावतपळत आली.

"काय झालं, नीट सांग. मी ऑफिसातून तशीच आलेय."

"दोघा भावांमध्ये चकमक झाली. त्यात धाकट्याचा दात गेला."

"चकमक कसली? थोरल्याने मारलं ना?"

"चिथावणी धाकट्याची होती."

"काय केलं त्याने?"

"वेडावून दाखवलं."

"आणि थोरल्याने?"

"रिमोट."

"फेकून मारला?"

"मर्यादित कारवाई होती गं. एकदाच."

"अरे, तू माझ्याशी बोलतोयस की बातमी लिहितोयस? आणि मागच्या आठवड्यात धाकट्याने चिमटा काढला, तेव्हा काय म्हणालास? भ्याड हल्ला."

"थोरला झोपला होता तेव्हा."

"थोरला तुझ्या वळणावर गेलाय, म्हणून त्याची कारवाई आणि याचा हल्ला."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. मी कुणाचीच बाजू घेत नाही."

"बरं. काल तुमच्या चॅनेलवर त्या युद्धातली बातमी होती, शाळा कोसळली म्हणून. कुणी लिहिली?"

"मीच."

"शाळा आपोआप कोसळली?"

"नाही, म्हणजे, वरून विमानं गेली होती."

"कुणाची?"

"आपल्या मित्रदेशाची."

"म्हणजे थोरल्याची."