डॉक्टरीणबाई पास झाल्या

द्रोणागिरीच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या वैजयंतीला मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"या डॉक्टरीनबाई नवीन हायेत का?"

"जुन्याच. पण काल बीपीच्या तज्ज्ञांची परीक्षा पास झाल्या. दोनदा हुकली होती बिचारीची."

"तुमाला कसा म्हाईत?"

"अभ्यासाला बसली की माझंच बीपी मोजायची. म्हणायची, बाबा, बोलू नका."

"म्हंजे पोर तुमची?"

"सून."

"मंग आज बीपी दाखवाला आलाव?"

"छे हो! पेढे घेऊन आलोय. घरात बसवेना."

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"बाबा! तुम्ही रांगेत?"

"नंबर लावलाय. अजून आठ जण आहेत पुढे."

सगळे हसले. सासऱ्यांनी पेढ्यांचा डबा उघडून सगळ्यांपुढे धरला. चोरून ऐकल्याची लाज सोडून वैजयंतीनं पहिला पेढा उचलला.