चाळीस फुटांची बुडी

(आखाडा बाळापूर, नोव्हेंबर २००६. सोमेश्वरचं बियाण्यांचं दुकान. सोमेश्वर, त्याची बायको मिना, आणि विहिरीत पडलेल्या वस्तू बुडी मारून काढणारा मुंजाजी.)

सोमेश्वर : ...आणि पाठीवर एवढी मोठी टाकी. आपल्या फवारणीच्या पंपासारखी, पण लोखंडी. तोंडात नळी. कमरेला शिशाचा पट्टा.

मुंजाजी : पट्टा काहून?

सोमेश्वर : माणूस खाली जावा म्हणून.

मुंजाजी : आमी काखेत धोंडा घेतो. आन् एवढं सगळं बांधून गेलात कुठवर?

सोमेश्वर : चाळीस फूट! माल्टा म्हणजे बेट, चारी बाजूंनी भूमध्य समुद्र. सोयाबीनचं बियाणं सगळ्यात जास्त खपवलं म्हणून कंपनीनं अख्ख्या जिल्ह्यातून आमचं एकच जोडपं नेलं. त्या समुद्रात बुडी मारणारा बाळापूरचा पहिला माणूस आहे मी. तो फोटो बघ भिंतीवरचा.

मिना : चहा घ्या मामा. हे अजून चाळीस फुटांवरच हाईत, वर यायला टाइम लागंल.

मुंजाजी : मालक, कान दुखले असतील ना?

सोमेश्वर : कान? छे! कान कशाला दुखतील?

मुंजाजी : दुखतात. पंधरा फुटालाच कळ निघते.

सोमेश्वर : ते तुमच्या विहिरीत. समुद्राचं पाणी वेगळं असतं.

मिना : मामा, ह्यांचे कान दुखणार कसे? ते पाण्यात गेलेच न्हाईत.

सोमेश्वर : मिना!

मिना : कमरेएवढं पाणी व्हतं. तिथं आधी शिकवतात. ह्यांनी तोंड पाण्यात घातलं, आन् दुसऱ्या क्षणाला नळी थुंकून त्या शिकवणाऱ्या पोरीच्या गळ्यात पडले. 'मम्मी' म्हणले.

सोमेश्वर : 'आई गं' म्हणालो. 'मम्मी' नाही म्हणालो. आणि माझी नळी खराब होती.

मिना : तीच नळी मंग मी तोंडात घातली.

मुंजाजी : म्हंजी तुमी गेलात वैनी? खाली?

मिना : गेले की. कयाधू नदीच्या डोहात पोहायला शिकलेली मी. चष्मा आन् नळी लावल्यावर नवरा कोण, बायको कोण, काय कळतं? ह्यांनी काठावरून माझा फोटो काढला, नांदेडहून फ्रेम करून आणला आन् खाली सोताचं नाव टाकलं.

सोमेश्वर : मग गिऱ्हाइकाला काय सांगू? बायको समुद्रात गेली अन् मी काठावर टॉवेल धरून बसलो?

मिना : तसंच झालतं ना.

मुंजाजी : वैनी, तुमचे कान दुखले?

मिना : दुखले. पण त्या पोरीनं आधीच शिकवलं व्हतं. नाक दाबायचं, तोंड मिटायचं आन् हळूच फुंकायचं. कानात टुक् व्हतं, कळ जाते. न्हाई गेली तं मुकाट वर यायचं. जबरदस्ती केली तं पडदा फाटतो.

मुंजाजी : वर यायचं? आन् वरचे काही बोलत न्हाईत?

मिना : कोण बोलंल?

मुंजाजी : मालक बोलतात. आज ज्या विहिरीसाठी मला बोलावलंत, तुमच्या त्याच विहिरीत अठ्ठ्याण्णव साली पाण्याची मोटर पडली व्हती, सोमेश्वर मालक. मी दोनदा वर आलो. म्हणलो, कान लई दुखून राहिला.

सोमेश्वर : मला आठवत नाही.

मुंजाजी : मला बराबर आठवतं. कठड्यावरून तुमी म्हणलात, 'मुंजाजी, मोटर काय कानानं उचलायची हाय?' समदे हसले. मी बी हसलो. तिसऱ्या बुडीला मोटरला दोर बांधला, आन् कानात फाडकन वाजलं. खाली कोणतं, वर कोणतं, कळंना. तवापासून ह्या उजव्या कानानं ऐकू येत न्हाई.

सोमेश्वर : मला कुणी सांगितलंच नाही.

मुंजाजी : मी सांगितलं की. दोनदा.

सोमेश्वर : अरे, पण नाक दाबायचं तेव्हा आपल्याकडं माहीत होतं का कुणाला?

मिना : नाक दाबायचं नसंल माहीत. दुखतं म्हणणाऱ्याला वर राहू द्यावं, एवढं तं माहीत व्हतं?

सोमेश्वर : बरं, झालं ते झालं. आजचं बोला. चार दिवस मोटर तळाला पडलीय, गळ टाकून टाकून दमलो, तिकडं हळद सुकून राहिली. मुंजाजी, आता समजलं ना कसं करायचं? नाक दाब, फुंक, अन् जा.

मिना : तुमीच जा ना. तुमाला सवय हाय चाळीस फुटांची.

मुंजाजी : थांबा वैनी. फुंकून तं बघू... डावा टुक् झाला. उजव्यातून वारा भाईर जाऊन राहिला.

मिना : मामा, आता बुडी मारायची न्हाई. पडदा फाटलेल्याला तिथं पाण्यात उतरूच देत न्हाईत. कागदावर लिहून घेतात आधी.

मुंजाजी : ऐकलं का मालक? माल्ट्यात मला कोणी उतरू देत न्हाई. मंग बाळापुरात काहून उतरू?

सोमेश्वर : अन् मोटर?

मुंजाजी : इंजिन लावा आन् विहीर उपसा. दोन-तीन दिस जातील.

सोमेश्वर : तीन दिवस! हळदीचं काय होईल?

मिना : सहा दिवस आपण माल्ट्यात व्हतो. हळद तवाबी हितंच व्हती.

सोमेश्वर : ...जातो. वसमतला इंजिन मिळतं का बघतो.

मिना : जायच्या आधी मामाला काही बोलायचं हाय का?

सोमेश्वर : चुकलं माझं.

मुंजाजी : ह्या बाजूनं येऊन बोला मालक. तिकडून ऐकू येत न्हाई.

सोमेश्वर : चुकलं म्हणतो मी. नांदेडला कानाचा डॉक्टर आहे. सोमवारी गाडी काढतो, दाखवून येऊ.

मुंजाजी : आठ वर्षांनी काय दाखवता? चला, येईन म्हणा. तुमाला तेवढंच बरं वाटंल.

सोमेश्वर : येतो मी.

मिना : गेले. मामा, चहा गार झाला तुमचा. दुसरा आणते.

मुंजाजी : ऱ्हाऊ द्या. वैनी, एक सांगा. तिथं खाली काय व्हतं?

मिना : लई काही न्हाई. गवत, थोडे मासे. एक जुना लोखंडी नांगर, बोटीचा. पण लांबवर वाळू दिसत व्हती मामा. आन् वरून ऊन आत येऊन राहिलं व्हतं.

मुंजाजी : ऊन? चाळीस फुटांवर?

मिना : व्हय. माझे हात मला दिसत व्हते, बांगड्यांसकट.

मुंजाजी : आमच्या विहिरीत डोळे उघडले काय, मिटले काय. मी आपला मिटूनच जात व्हतो.