पोचला म्हणून सांगा

बसा, बसा सगळे. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर अजून जागा आहे. आयाबायांनो, काकालोकांनो, खालच्या वाडीवरून आलेल्या मंडळींनो, तुम्ही हातातली कामं टाकून आलात. कुणाचा वाल खुरपायचा राहिलाय, कुणाचा पेंढा अजून खळ्यावर पडलाय. तरी आलात. आता मला बोलायला उभं केलंय आणि मला बोलायला सुचत नाहीये. अंगणवाडीत पोरांपुढे दिवसभर माझं तोंड चालू असतं, पण मोठ्या माणसांपुढे जमत नाही. त्यातून बुधाजीकाकांबद्दल बोलायचं, म्हणजे आधी स्वतःबद्दल बोलावं लागणार. तेच जड जातंय.

काका आपले निरोप्ये होते. भातसानगरला कालव्यावर रोजंदारीला होते तेव्हा दिवसभर कालव्याच्या कडेने चालायचे, आणि घरी आले की गावाचे निरोप घेऊन पुन्हा चालायचे. लग्न असो, बारसं असो, मयत असो. कुणी नेमलं नव्हतं त्यांना. पायांना सवय होती, एवढंच सांगायचे.

त्यांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, पण आज इथे नव्या सुना आहेत, शहापूरहून आलेली मंडळी आहेत, म्हणून सांगते. आनंदाचा निरोप असला तर काका ओट्यावर बसायचे, गुळाचा खडा तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे. दुःखाचा असला तर बसायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्यानं सांगायचे. पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. आणि निरोप कुठलाही असो, घरातल्या माणसानं तोंडानं "पोचला" म्हटल्याशिवाय काका हलायचे नाहीत. मी नवी सून होते तेव्हा नुसती मान हलवली होती. काका तसेच उभे. म्हणाले, "मान नको हलवू गो पोरी. पोचला म्हनून सांग, म्हंजे मी सुटलो."

मग फोन आले. गावाचा ग्रुप काढला तो मीच. हौस मला फार. काकांना मुलाचा जुना फोन मिळाला होता, तोही मीच शिकवला. लिहिता येत नव्हतं त्यांना, म्हणून म्हटलं, हा माइक दाबा आणि बोला, सगळ्या गावाला एकदम ऐकू जाईल. काका त्या फोनकडे बघतच राहिले. "सगल्या गावाला? न चालता?" मी म्हटलं, हो, न चालता. पहिला निरोप पाठवला तेव्हा दोन टिकल्या दिसल्या. मी म्हटलं, बघा, पोचला. तर म्हणाले, "टिकल्या काय बोलतात का? मानूस बोलला नाय तर मला कसा कलनार?"

म्हणून ते प्रत्येक निरोपाच्या शेवटी म्हणायचे, "पोचला असंल तर सांगा." पहिले काही दिवस आपण माइक दाबून म्हटलंही. पोचला काका. पोचला. मग गुड मॉर्निंगची फुलं आली. वाढदिवसाचे केक आले. कुणाची शेळी हरवली, कुणाची सापडली, निवडणुकीवरून दोघांची जुंपली. आणि त्यात काकांचे लांबच लांब आवाज. बोट वर सरकून माइक चालूच राहायचा, तो कधी बंद करायचा ते त्यांना कळायचं नाही. फोन चालूच ठेवून खिशात टाकायचे आणि वाटेला लागायचे. निरोप दोन वाक्यांचा आणि पुढे नुसती पावलं. रमेश तर ग्रुप सोडूनच गेला. रमेश, खाली बघू नकोस, तू निदान उघड गेलास. मी काय केलं? मी म्यूट केला. फोन विचारतो ना, आठ तास, एक आठवडा, की नेहमी? मी नेहमी दाबलं. माझ्या फोनवर अंगणवाडीचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, माहेरचा ग्रुप. मला तेव्हा काही वाटलं नाही. काकांना सांगितलंसुद्धा. म्हटलं, काका, मी आवाज बंद केलाय हां, रागावू नका. ते म्हणाले, "बरा केलास गो शालू, सांगितलास."

मला वाटलं, विषय संपला.

काका गेले त्या सकाळी त्यांच्या सुनेनं, सुगंधावहिनींनी, ग्रुपवर लिहिलं. बाबा गेले, अकरा वाजता नेणार. घरात रडारड, मुलगा बाहेरगावी, त्या कुठे कुठे धावणार? त्यांना वाटलं, गाव वाचेल. वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. हे मी सगळ्यांसमोर सांगते. आमचेच फोन मुके होते. त्या दिवशी खांदा बदलायला माणूस मिळेना, असं मी नंतर ऐकलं. ज्या माणसानं आपल्या प्रत्येक मयताला घरोघर जाऊन माणसं गोळा केली, त्याला खांदा बदलायला माणूस मिळेना.

मी किन्हवलीला मीटिंगला होते. दुपारी स्टँडवर जीपवाल्यानं विचारलं, "ताई, तुमी मयतीला नाय गेलात?" मी म्हटलं, कुणाच्या? त्यानं नाव सांगितलं. मी तिथंच उभ्याउभ्या ग्रुप उघडला. वहिनींचा निरोप सकाळपासून तिथेच होता. त्याच्या वर एक गुलाब, खाली एक गुलाब. मला काकांचं तोंड बघायला मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं घरी गेल्यावर मी अंगणवाडीच्या पायरीवर बसले आणि काकांचे न ऐकलेले आवाज लावले. एकापाठोपाठ एक. थंडीतलं उबदार ऊन होतं, समोरच्या खाचरात भाताचे खुंट नुसते पिवळे दिसत होते. निरोप संपायचा आणि पावलं सुरू व्हायची. चर्र, चर्र, वाळल्या पानांवरून. मी डोळे मिटले. मंडळी, खरं सांगते, मी चालायला लागले. बांबू करकरला की कळायचं, ओढ्याचं बेट आलं. पाणी वाजलं की काका कालव्याच्या मोरीवर. मग मुसळाचा आवाज, कोंबडीचा आवाज, कुणाची तरी म्हातारी खोकतेय. लांबून एसटी घाट चढताना कण्हायची. धुकं ऐकू येत नाही म्हणतात. मला आलं. काका मधेच थांबून स्वतःशी म्हणायचे, "आज काय दिसत नाय, पायाला दिसतंय तेवढा बास." मी त्यांच्या मागून जात होते, वाडीवरून पाड्यावर, पाड्यावरून परत, आणि ऊन पायरीवरून कधी उतरलं ते मला कळलं नाही.

आणि तेव्हा मला हळूहळू उमगलं. काका चालत का होते? निरोप तर ग्रुपवर दिला होता. मग ही पावलं कुठे निघाली होती?

एका आवाजात ते चालता चालता नावं घेत होते. कोण बोललं, कोण नाही. "पांडू बोलला. आनंदी बोलली नाय. वरचे आलीचा कोनीच बोलला नाय. शालूचा बंद हाय, तिला जाऊन सांगाया पायजे." मंडळी, आपण जेवढे गप्प झालो तेवढे काका जास्त चालले. ज्यानं ज्यानं आवाज बंद केला, त्याच्या त्याच्या दारात ते गेले. आठवून बघा. गेल्या दोन वर्षांत काका तुमच्याकडे किती वेळा "सहज" आले? "सहज इकडून चाललो व्हतो." आणि बोलता बोलता सांगून जायचे, उद्या डोस द्यायला नर्सबाई येणार, सोमवारी अमक्याचं बारसं. आपल्याला वाटायचं, म्हाताऱ्याला करमत नाही. मी तर एकदा दारातून म्हटलंय, काका, आत्ता कामात आहे.

मग तो आवाज आला. गेल्या वर्षीचा, मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेआधीचा. म्हशाची माझी मावशी गेली, तिनं मला लहानाचं मोठं केलं होतं. माझा फोन लागेना म्हणून मावसभावानं, त्याची सासुरवाडी आपल्याच गावची, ग्रुपवर बोलून टाकलं. मी म्यूट. त्या आवाजात काका त्याला आधी "पोचला" म्हणतात, आणि पुढे नुसती पावलं, नेहमीपेक्षा भराभर. दम लागलेला. मग आमचं फाटक वाजलं. मग माझाच आवाज. हसरा. "या काका, बसा, चहा टाकते." आणि काका म्हणाले, "नाय गो पोरी. आज उभ्यानंच."

पुढचं मला ऐकवेना. पण ऐकलं. माझं रडणं ऐकलं, आणि त्या रडण्यात काका गप्प उभे असलेले ऐकले. बऱ्याच वेळानं मी म्हटलंय, "पोचला, काका." तेव्हा कुठे पावलं परत फिरली.

त्या दिवशी मी मुरबाडची गाडी धरली आणि मावशीचं तोंड बघितलं. काकांमुळे बघितलं. आणि काकांचं मला बघायला मिळालं नाही. एवढंच मला आज सांगायचं होतं. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

मग मी आणि रमेश निघालो. तीन दिवस, काकांच्याच वाटेनं. बातमी तुम्हाला कळलीच होती, पण निरोप कुणी दिला नव्हता. आज तुम्ही इथे आलात ते त्या निरोपानं. प्रत्येक दारात म्हणालात, बस गो शालू, पाणी तरी घे. मी घेतलं नाही. वाईट वाटून घेऊ नका. आनंदीआजीनं आधी नुसती मान हलवली, मी हलले नाही, तेव्हा ती म्हणाली, "पोचला गो बाय," आणि मग रडली. परत येताना पाय इतके दुखत होते, आणि बरंही वाटत होतं. हे कसं सांगू?

ग्रुप म्यूट करू नका असं मी म्हणणार नाही. ती फुलं मलाही सोसत नाहीत. पण ज्यानं बंद ठेवलाय त्याच्या दारात जायला एक माणूस लागतो. खालच्या वाडीची वाट माझी. वरच्या आळीची रमेशनं घेतलीय, कुणी न सांगता. उरलेल्या वाटा तुम्ही आपसात बघा. आज नाही, उद्या बघा.

आता दोन मिनिटं उभे राहूया. दर वेळी सांगतात, फोन बंद करा. आज मी उलट सांगते. फोन खिशातून काढा आणि आवाज चालू करा. वाजला तर वाजू दे, कुणी कुणाकडे डोळे वटारू नका. काकांना गप्प फोनांचा फार त्रास झाला.

आणि दोन मिनिटं झाली की, मान हलवायची नाही. तोंडानं म्हणायचं, सगळ्यांनी, मोठ्यानं. म्हणजे ते सुटतील. आमच्या दाराबाहेर ते अजून उभेच आहेत.

बुधाजीकाका, पोचला.